झाकलेली जखम

हाताला सुरी लागली तर माणूस हात वर धरून, चार लोकांना सांगत दवाखाना गाठतो. पायात खिळा घुसला तर दुकानातील गडीच मालकाला धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून देतो. परंतु तीच जखम कमरेखाली, पुरुषाच्या गुप्तांगावर झाली की घरातील बोलणेच थांबते. मुलगा आईला सांगत नाही, वडील मुलाला सांगत नाहीत, आणि दुकानातील हमाल तर कोणालाच सांगत नाही. न्हाणीघराचे दार बंद होते, कपाटातील हळद किंवा जुनी मलमाची नळी बाहेर निघते आणि दोन-तीन दिवस तसेच जातात. या जागेची जखम मुळात फार वाईट नसते. तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती वेळीच धुतली, शिवली तर शरीराच्या इतर अनेक भागांपेक्षा लवकर भरते. तिला वाईट करतो तो विलंब, आणि विलंबाचे कारण बहुतेक वेळा लाज हेच असते.

इंदापूर-बारामती हा भाग उसाचा, बागायतीचा आणि बाजारपेठेचा. वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेले वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे, आणि साखर कारखानदारीच्या बरोबर कोयता, यंत्र आणि ट्रॉली या भागाच्या जीवनात कायमच्या आल्या. तोडणीच्या हंगामात उसाचे तिरपे कापलेले बुडखे जमिनीतून भाल्याच्या टोकासारखे वर आलेले असतात. त्यांवर बसकण मारून पडणाऱ्याला मांड्यांच्या मध्ये खोल जखम होऊ शकते. काटेरी तारेचे कुंपण ओलांडताना, बैलाने शिंग मारल्यावर, मोटरसायकल आदळून चालक पुढच्या टाकीवर फेकला गेल्यावरही नेमका हाच भाग सापडतो. बाजारपेठेत पोते उचलण्याचा लोखंडी हुक निसटतो, पोते शिवण्याचे दाभण मांडीवर घेतलेले असते, कापडाच्या गाठी सोडताना ब्लेड आपल्याच दिशेने ओढले जाते. आणि घरात, कसलाही अपघात न होता, वस्तऱ्याने केस काढताना किंवा पॅन्टची चेन घाईने ओढताना होणाऱ्या जखमा तर सर्वांत जास्त, आणि सर्वांत जास्त लपवल्या जाणाऱ्या.

शब्दाची अडचण

उपचाराला पहिला उशीर होतो तो शब्दामुळे. रुग्ण डॉक्टरांना सांगतो, "जांघेत लागलंय," किंवा "खाली जरा खरचटलंय." गर्दीच्या वेळी डॉक्टर त्यावरून एक मलम लिहून देतात आणि रुग्णही सुटलो म्हणून परत येतो. प्रत्यक्षात जखम वृषणकोशावर, म्हणजे ज्याला लोक अंडकोश म्हणतात त्या पिशवीवर असते आणि तिला टाक्यांची गरज असते. मराठीत या अवयवांना स्वच्छ शब्द आहेत. शिश्न, त्याच्या टोकावरील अग्रत्वचा, वृषण, वृषणकोश आणि लघवीचा मूत्रमार्ग, एवढे पाच शब्द घरातील प्रत्येक मुलाला दहाव्या वर्षापर्यंत ठाऊक असावेत. ते उच्चारल्याने संस्कार बिघडत नाहीत. हे शब्द जिभेवर येत नसतील तर डॉक्टरांच्या टेबलावर "लघवीच्या जागेला कापले आहे, तपासून पाहा" एवढे वाक्य पुरेसे आहे. तपासल्याशिवाय घेतलेले औषध या जागी औषध ठरत नाही.

पहिली पंधरा मिनिटे

जखम झाली की पहिले काम रक्त थांबवणे. धुतलेला सुती रुमाल किंवा निर्जंतुक गॉज घडी करून जखमेवर ठेवावा आणि दहा ते पंधरा मिनिटे सलग, घड्याळ पाहून दाबून धरावा. दर मिनिटाला उचलून पाहिले तर धरू लागलेली खपली पुन्हा निघते. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवावे. रक्तस्राव पुष्कळ दिसला तरी घाबरून जाऊ नये. या भागात रक्तवाहिन्या जास्त असल्याने लहान चिरेतूनही रक्त बरेच येते. मात्र हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांचे रक्त उशिरा थांबते. त्यांनी पंधरा मिनिटांची वाट न पाहता, दाबून धरतच दवाखान्याकडे निघावे. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. आपल्या घरांत पिण्याचे पाणी उकळून ठेवण्याची रीत आहे. तेच थंड झालेले पाणी या कामासाठी उत्तम. सभोवतालची त्वचा सौम्य साबणाने स्वच्छ करावी. मग पातळ गॉज ठेवून सैल पण आधार देणारी सुती अंतर्वस्त्रे घालावीत. सूज असेल तर उताणे झोपून वृषणकोशाखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावावा. बर्फ उघड्या त्वचेवर टेकवू नये.

आता काय करू नये ते. हळद, चुना, तंबाखू, कॉफीची पूड, राख, तुरटी यांपैकी काहीही या जखमेत भरू नये. ज्या चिमटीने हळद भरली जाते ती निर्जंतुक नसते, आणि डॉक्टरांना टाके घालण्यापूर्वी तीच पूड खरवडून काढावी लागते. स्पिरिट, आफ्टरशेव्ह किंवा पाणी न घातलेले जंतुनाशक द्रावणही ओतू नये. वृषणकोशाची त्वचा फार पातळ असते. हाताच्या त्वचेपेक्षा ती कितीतरी पटीने अधिक शोषून घेते आणि तितक्याच सहज भाजते. जखमेत काच, काडी, तार रुतलेली असेल तर ती उपसू नये. हलणार नाही अशा रीतीने सभोवती कापड ठेवून तसेच दवाखान्यात जावे.

कोणत्या जखमेला थांबायला वेळ नाही, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर झाल्या आहेत. पंधरा मिनिटे दाबूनही रक्त येतच आहे. वृषणकोश फुगून काळानिळा होत आहे किंवा आतील पांढरट भाग दिसत आहे. लघवीच्या छिद्रातून रक्त येत आहे किंवा लघवी होतच नाही. जखम जनावराच्या शिंगाने, दाताने किंवा गंजक्या वस्तूने झाली आहे. यांपैकी एक जरी खूण असेल तर त्याच तासाला निघावे. मूत्रमार्गाला इजा झाली असण्याची शंका असेल तर अननुभवी हातांनी नळी घालण्याचा प्रयत्नच नुकसान करतो. ते काम शल्यचिकित्सक किंवा मूत्ररोगतज्ज्ञ यांचे आहे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, म्हणून शेतातील आणि गोठ्यातील जखमेला लस हवीच. माती लागलेल्या जखमेच्या वेळी शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा घ्यावे. स्वच्छ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची. पूर्वी टीटी या नावाने मिळणारी लस आता बहुतेक ठिकाणी टीडी या रूपात मिळते. कुत्रा चावला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. गुप्तांगाच्या भागात मज्जातंतू दाट असल्याने तेथील चावा गंभीर मानला जातो, आणि लसीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक ठरते.

लहान मुलांची चेन

पाच-सात वर्षांच्या मुलाची अग्रत्वचा पॅन्टच्या चेनमध्ये अडकणे ही घराघरांत घडणारी गोष्ट आहे. मूल किंचाळते, आई घाबरते आणि कोणीतरी चेन जोराने खाली ओढते. त्या ओढण्यानेच त्वचा फाटते. ओढू नये. मुलाला शांत बसवून अडकलेल्या जागी लिक्विड पॅराफिनसारखे तेल सोडावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पुष्कळदा त्वचा आपोआप सुटते. सुटली नाही तर मुलाला तसेच दवाखान्यात न्यावे. चेनच्या सरकत्या तुकड्याचे पुढचे आणि मागचे पाते जोडणारा एक बारीक पूल असतो. पक्कडीने तो तोडला की दोन्ही पाती वेगळी होतात आणि चेन स्वतःच उलगडते. डॉक्टर हेच करतात, आणि शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. लहान मुलांना अंतर्वस्त्राशिवाय चेनची पॅन्ट घालू नये, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

मुलाच्या गुप्तांगावर जखम दिसते पण ती कशी झाली हे तो सांगत नाही, किंवा सांगितलेली हकीकत जखमेशी जुळत नाही, अशा वेळी रागावून विचारण्याऐवजी जवळ घेऊन विचारावे. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलींप्रमाणे मुलांनाही लागू आहे, आणि अशा मुलावर तातडीचे उपचार करण्यासाठी रुग्णालयाला पोलिसांच्या कागदाची वाट पाहता येत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

गादीवरच्या माणसाचा मधुमेह

व्यापारी कुटुंबांनी या विषयात सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग मधुमेहाचा आहे. दिवसभर बैठे काम, उशिरा लक्षात येणारी साखर आणि तपासणीचा कंटाळा यांची जोडी आपल्या परिचयाची आहे. ज्या पुरुषाच्या अग्रत्वचेला कारण नसताना वारंवार बारीक चिरा पडतात, खाज सुटते, त्वचा मागे सरकवताना ती फाटते, त्याने प्रथम रक्तातील साखर तपासावी. पुष्कळ पुरुषांत मधुमेहाची पहिली खूण हीच असते, आणि लाजेमुळे ती वर्षभर झाकून ठेवली जाते. तोवर साखर आपले काम डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर करीत असते. दुखणे लपवल्याने ते मुदत ठेवीप्रमाणे तसेच राहत नाही. थकलेल्या कर्जासारखे त्यावर व्याज चढते.

मधुमेहाच्या रुग्णाला वस्तऱ्याची लहानशी चीरही महागात पडू शकते. पॅरिसचे डॉक्टर जीन आल्फ्रेड फोर्निए यांनी १८८३ मध्ये ज्या रोगाचे वर्णन केले आणि ज्याला आज फोर्निए गँगरीन म्हणतात, त्यात या भागातील संसर्ग त्वचेखालून काही तासांत पसरतो. वर दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फार असणे, वेगाने वाढणारी सूज, त्वचेचा रंग काळपट होणे, दुर्गंधी आणि ताप ही त्याची लक्षणे. अशा वेळी सकाळपर्यंत थांबणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय, कारण सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे हाच मुख्य उपचार आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये या दुर्मीळ धोक्याचा इशारा दिला. त्यामुळे गोळ्या बंद करण्याचे कारण नाही. त्या घेणाऱ्याने या जागेची लालसरपणा वा सूज दुसऱ्या दिवसावर टाकू नये, एवढाच त्याचा अर्थ. अशा व्यक्तींनी वस्तऱ्याऐवजी ट्रिमर किंवा बोथट टोकाची कात्री वापरावी, आणि दुसऱ्याचे ब्लेड कधीही वापरू नये.

तुटलेला भाग जोडता येतो

यंत्राच्या पट्ट्यात सापडून, हल्ल्यात, किंवा तीव्र मानसिक आजाराच्या भरात स्वतःच्या हाताने अवयव तुटल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी घडतात. अशा वेळी तुटलेला भाग टाकून देऊ नये. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन सलाईनने ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू जोडून असा अवयव पुन्हा बसवल्याची वृत्ते १९७७ पासून वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी १९८३ मध्ये अशा अठरा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मानसिक आजाराच्या रुग्णाला टाक्यांबरोबरच मानसोपचारही हवा; त्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तुटलेले पुन्हा घडवण्याची विद्या आपल्या भूमीला नवी नाही. सुश्रुतसंहितेत आघाताने झालेल्या ताज्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. आजही डॉक्टर कापलेली, भोसकलेली, चेचलेली आणि खरचटलेली जखम वेगवेगळी पाहतात. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली, १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचा वृत्तान्त आला, आणि युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ आपल्या भाषेतच आहे. तरीही तो गाडीवान आपली अब्रूची जखम घेऊन उपचार करणाऱ्यासमोर बसला, म्हणून त्याला नाक मिळाले. चेहरा झाकता येत नाही, हे त्याचे एका अर्थी भाग्य. कपड्याखालची जखम झाकता येते, आणि तेथेच तिचे दुर्दैव सुरू होते.

टाके, गोळ्या आणि आचार

काही श्रद्धावान कुटुंबे टाक्यांना कचरतात, कारण पूर्वी कॅटगट नावाचा धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनवीत. ही शंका निराधार नाही. पण त्यासाठी उपचार नाकारण्याचे कारणही नाही. या भागात आज पॉलिग्लॅक्टिनसारखे कृत्रिम, आपोआप विरघळणारे धागे सर्रास वापरले जातात. ते प्राणिजन्य नसतात, आणि टाके काढण्यासाठी पुन्हा जावे लागत नाही. "कृत्रिम धागा वापरावा" एवढी विनंती आधी केली तर डॉक्टर ती सहज मान्य करतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी मिळेल का, हेही विचारता येते. चौविहार पाळणाऱ्याने प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वीच तसे सांगावे, म्हणजे दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याचे औषध निवडता येते. न सांगता रात्रीची मात्रा गाळली तर जंतू पूर्ण मरत नाहीत. टाके भरेपर्यंत दांपत्यसंबंध, सायकल, मोटरसायकल आणि ओझे उचलणे टाळावे. किती आठवडे, हे जखमेच्या खोलीवरून डॉक्टर ठरवतात, आणि हा प्रश्न पती-पत्नींनी मिळून विचारावा.

दुकानाची जबाबदारी

व्यापाऱ्याच्या घरात जितकी माणसे जेवतात त्याहून अधिक त्याच्या दुकानावर जगतात. हमाल, ड्रायव्हर, गोदामातील पोरगा यांना अशी जखम झाली तर ते शेटजींना सांगणार नाहीत, हे गृहीत धरावे. लंगडत चालणारा, बसताना चेहरा आवळणारा, अचानक दोन दिवस न येणारा गडी दिसला तर मुनीमजींनी किंवा घरातील कर्त्या पुरुषाने त्याला बाजूला घेऊन विचारावे आणि सोबत माणूस द्यावा. कामावरील दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. पण कायद्याच्या आधी माणुसकीचा हिशेब येतो.

इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. सुमारे ५० किलोमीटरवर बारामती आहे आणि तेथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. अवघड शस्त्रक्रियेसाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे, आणि महामार्गाने सोलापूरही गाठता येते. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असून तिच्यासोबत डॉक्टर असतो. मारामारीत झालेली जखम असेल तर पोलिसांच्या भीतीने काही जण घरीच थांबतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे की, जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. पोलिसांची कागदपत्रे नंतर होतील.

प्रत्येक दुकानात आणि घरात एक लहान पेटी ठेवावी. तिच्यात निर्जंतुक गॉजची पाकिटे, सलाईनची बाटली, चिकटपट्टी, लिक्विड पॅराफिनची बाटली, एक लहान पक्कड, आणि झाकणाच्या आतील बाजूस १०८ क्रमांक व घरातील प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख चिकटवलेली असावी. या पेटीचा खर्च एका दिवसाच्या चहापाण्याहून फारसा जास्त होत नाही. पेटी कोठे आहे हे सुनेपासून हमालापर्यंत सर्वांना दाखवावे. आणि ती दाखवताना घरातील कर्त्या पुरुषाने मुलांसमोर एकदा स्वच्छ शब्दांत सांगावे की, शरीरावर कोठेही लागले तरी ते त्याच दिवशी सांगायचे. वडिलांनी हे एकदा तोंडाने म्हटले की मुलाला पुढे ते म्हणणे अवघड जात नाही.